भिमाबाईच्या हाताचं माप

बायको चिमा गेल्याचं हनुमंताला कळलं तेव्हा त्याचा उजवा हात बेल्ह्याच्या बाजारात एका व्यापाऱ्याच्या टॉवेलाखाली होता. सोमवार होता. गोऱ्ह्याचा सौदा, रिवाजाप्रमाणे न बोलता बोटांच्या खुणांनी, चालला होता आणि व्यापाऱ्याने नुकतीच त्याची दोन बोटं दाबली होती. हनुमंत मान हलवून तिसरं बोट पुढे करणार, एवढ्यात गर्दीतून गेणभाऊ आला. गेणभाऊ गवंडी, हनुमंताचा आणे गावातला शेजारी. त्याचं बाजारात काही काम नव्हतं आणि तरी तो एम-एटी गाडी दामटत आला होता. आल्या आल्या त्याने गोऱ्ह्याचं दावं हनुमंताच्या डाव्या हातातून काढून घेतलं.

"घरी चल," तो म्हणाला.

"सौदा व्हतोय."

"राहू दे सौदा. चिमाबाई गेली."

व्यापारी चांगला माणूस. त्याने टॉवेलाखालचा हात लगेच सोडला नाही. बोटं न दाबता जरा वेळ नुसताच धरून ठेवला.

झालं होतं ते एवढंच. सकाळी चिमाने आपल्या आईला अंघोळ घातली, तिचं लुगडं पिळून दोरीवर टाकलं, 'जरा बसते गं' म्हणून पायरीवर बसली, ती उठली नाही. पन्नाशीसुद्धा आली नव्हती. आई, भिमाबाई, आत चुलीपाशी होती. चहात गूळ टाकू का साखर, असं ती आतून दोन-तीनदा विचारत राहिली, आणि लेक उत्तर देईना म्हणून रागाने तिने काहीच टाकलं नाही.

आता हनुमंताच्या घरची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. सासू आणि जावई बारा वर्षं एका घरात राहत होते आणि बारा वर्षांत एकमेकांशी थेट एक शब्द बोललेले नव्हते. भांडण नव्हतं. उलट दोघांना एकमेकांचा मोठा मान. भिमाबाई आंबेगाव तालुक्यातली, लोणी-धामणीकडची, जुन्या वळणाची बाई. तिचा नवरा जानकू जन्मभर मेंढरामागे हिंडला आणि एका पावसाळ्यात गेला. मुलगा नव्हता, चिमा एकटी लेक, म्हणून भिमाबाई आण्याला लेकीकडे राहायला आली. पण जावयाच्या घरी राहायचं म्हणजे जपून राहायचं, असं तिचं म्हणणं. त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्यासमोर खाटेवर बसायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. हनुमंतही तसाच. सासू अंगणातून चालली की तो मान खाली घालायचा.

दोघांमधलं टपाल म्हणजे चिमा. तिघं एकाच खोलीत असायची. हनुमंत म्हणायचा, "आईला इचार, गुडघ्याला तेल आणू का?" चिमा तव्यावरची भाकरी उलटत म्हणायची, "ऐकलं का आई?" आणि भिमाबाई भिंतीकडे बघून म्हणायची, "सांग त्यास्नी, मागचं हाय अजून."

चिमा निरोप जसाच्या तसा पोचवायची असंही नाही. एकदा हनुमंत तणतणत आला आणि म्हणाला, "तुझ्या आईला म्हणावं, माजी तंबाखूची डबी कुणी लपवली?" चिमाने मान वर न करता सांगितलं, "आई, ते इचारत्यात, जेवलात का?" भिमाबाईने पहिलं वाक्य स्पष्ट ऐकलं होतं, आणि डबी तिच्याच कनवटीला होती. ती म्हणाली, "सांग, पोटभर जेवले."

चिमा गेली आणि टपाल बंद पडलं.

पहिला महिना पाहुण्यारावळ्यांत गेला. मग घरात दोघंच उरली. हनुमंताची लेक दिशा नारायणगावच्या एका दवाखान्यात नर्स, तिथेच खोली घेऊन राहायची आणि रविवारी एस.टी.ने यायची. रविवारी बोलणं व्हायचं. बाकी सहा दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज.

शेवटी वाट काढली ती भिमाबाईने. अंगणात भुरी नावाची एक म्हातारी मेंढी बांधलेली असायची. दात पडलेले, कळपामागे चालवत नाही, म्हणून घरीच ठेवलेली. एका सकाळी भिमाबाई दारातून तिला म्हणाली, "भुरे, पीठ संपलं बरं का."

भुरीने रवंथ थांबवून बघितलं. हनुमंत पलीकडे नांगराचा फाळ पुसत होता. संध्याकाळी दळण आलं.

दुसऱ्या दिवशी हनुमंत खाकरून म्हणाला, "भुरे, मला उद्या जुन्नरला जायचंय. भाकरी जरा लवकर झाली तर बरं व्हईल." पहाटे भाकरी बांधून तयार.

अशी ती व्यवस्था लागली आणि चांगली चालली. भुरी निरोपात काही फेरफार करत नसे. हनुमंताला वाटायचं, थोडा केला असता तरी चाललं असतं. गावात बोलवा झाली की हनुमंताच्या मेंढीला सगळं कळतं. गेणभाऊ तर येता-जाता तिला रामराम घालायचा.

पितृपंधरवडा चालू होता तेव्हाची गोष्ट. भिमाबाईने भुरीपुढे पाला टाकला आणि म्हणाली, "भुरे, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भागू जीप घेऊन येणार हाय. मी जाते त्याच्याकडं मंचरला. कायमचीच. तू नीट ऱ्हा."

भागू म्हणजे तिच्या भावाचा मुलगा. हनुमंत पडवीत दोर वळत बसला होता. दोर तसाच टाकून तो विहिरीकडे गेला आणि मोटर चालू न करता परत आला.

त्याला भाकरीची काळजी नव्हती, भाकरी त्याला येत होती. पण चिमाचं नाव घरात रोज घेणारं आता एकच माणूस उरलं होतं. भिमाबाई अजून चुकून हाक मारायची, "चिमे, दूध उतू जाईल बघ," आणि मग स्वतःच उठायची. ती गेली की ही चूक करणारंही घरात कुणी राहणार नव्हतं.

रविवारी दिशा आली. आजीला अंघोळ घालून, तिची वेणी घालून ती बापाजवळ येऊन बसली.

"आबा, आजी का चाललीय ते माहीत हाय का?"

"भागूचा लई जीव हाय तिच्यावर."

"भागूमामाच्या घरी दोन सुना हायेत, म्हणून चाललीय. तिला न्हायला बाईमाणूस लागतं. गुडघे वाकत न्हाईत, न्हाणीचा उंबरा चढवत न्हाई. आई बगलेत धरून न्यायची तिला. आता मी येते तवाच ती न्हाती. बाकी सहा दिवस वल्या फडक्यानं अंग पुसती."

हनुमंत म्हणाला, "मला सांगायचं व्हतं."

"तुमाला कशी सांगणार?"

"भुरीला सांगायचं."

"आबा, मेंढीला सांगायलाबी लाजती ती."

हनुमंताने ती न्हाणी स्वतःच्या हाताने केली होती. लग्नाच्या वर्षी, एका दुपारात. तीन बाजूंना पत्रा, चौथ्या बाजूला जुन्या लुगड्याचा पडदा, खाली एक सपाट दगड, आणि पाणी अंगणात येऊ नये म्हणून वीतभर उंच उंबरा. नंतर त्याने आत कधी पाऊल टाकलं नव्हतं, कारण तो विहिरीवर न्हायचा. आता तो उठला, सरपणातली दोन फळकुटं घेतली आणि गुडघे वाकू नयेत म्हणून दोन्ही पायांना मागून बांधली. दिशा बघत राहिली. तसा ताठ चालत तो न्हाणीपर्यंत गेला. उंबऱ्यावर पाय टाकायला त्याला तीन खेपा कराव्या लागल्या. तिसऱ्या खेपेला पाय आत पडला तो शेवाळलेल्या दगडावर, आणि पुढे काय झालं ते दिशाला दिसलं नाही, नुसतं ऐकू आलं. पत्रा बराच वेळ वाजत होता.

"लागलं का आबा?"

"न्हाई," आतून हनुमंत म्हणाला. "पडदा धरला, त्यो बी संगं आला." फळकुटं सोडत तो बाहेर आला. "पाडू ही न्हाणी. तुमच्या दवाखान्यात कसं असतं ते सांग."

दिशाने कॅलेंडरचा मागच्या महिन्याचा कागद फाडून त्याच्या पाठीवर चित्र काढलं. उंबरा नाही, त्याऐवजी उतार. बसायला ओटा. पाय न सरकणारी फरशी. भिंतीला धरायला पाइप. "आमच्याकडं ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्या एकट्या न्हातात," ती म्हणाली. तो कागद हनुमंताने गेणभाऊला दाखवला.

गेणभाऊला चित्र फारच साधं वाटलं. त्याने नारायणगावच्या एका मोठ्या बंगल्याचं काम केलं होतं आणि तेव्हापासून तसं काही करायची संधी आण्यात कुणी दिली नव्हती. "करायचं तर झकास करू," तो म्हणाला. "भिंतीला छातीइतक्या टाइल्स, मधून फुलांचा पट्टा, समोर आरसा, वरून शॉवर."

"सासूबाईला शॉवर?"

"का? ती पावसात कधी भिजली न्हाई व्हय?"

शॉवर आणि आरसा हनुमंताने काढून टाकले. फुलांचा पट्टा ठेवला, कारण गेणभाऊचं तोंड फार उतरलं होतं.

दोघं जुन्नरला फरशीच्या दुकानात गेले. दुकानदाराने एकाहून एक गुळगुळीत फरश्या काढून दाखवल्या. हनुमंताने चपला बाहेर काढल्या, प्यायला दिलेला पाण्याचा तांब्या पहिल्या फरशीवर ओतला आणि वर उभा राहून टाच फिरवली. मग दुसरी, मग तिसरी. दुकानात चिखल झाला.

"पावणं, फरशी घ्यायला आलात का धुवायला?" दुकानदार म्हणाला.

"सरकतीय."

"फरशी हाय, सरकणारच."

हनुमंताने कोपऱ्यातली एक खडबडीत, चौकटीचौकटीची फरशी दाखवली. "ती दाखवा."

"ती पार्किंगची हाय. गाड्या लावतात तिच्यावर. न्हाणीत काय गाडी लावणार?"

"सासू बसवणार," गेणभाऊ म्हणाला. हनुमंताने त्याला कोपराने ढोसलं. पण त्या फरशीवर टाच सरकली नाही, तेव्हा तीच घेतली.

भिंतीच्या टाइल्सचा रंग राहिला. हनुमंताने नमुन्याच्या दोन घेतल्या, एक गुलाबी, एक हिरवी, आणि घरी आल्यावर भुरीपुढे मांडल्या. "भुरे, तुला कुठला आवडतोय बघ," तो जरा मोठ्याने म्हणाला.

भुरीने गुलाबी टाइल चाटून बघितली. दाराआडून आवाज आला, "भुरे, हिरवा बघ की. डोळ्याला कसा गार लागतोय."

भिंतीला हिरव्या टाइल्स ठरल्या. हे सगळं कशासाठी चाललंय ते भिमाबाईला समजत होतं, पण ती एका शब्दाने काही म्हणाली नाही. तिने गाठोडंही सोडलं नाही. ते खाटेखाली बांधून तयार होतं.

काम जोरात चाललं. पत्रे निघाले, दगड निघाला, उंबरा निघाला. उतार झाला. ओट्याची उंची हनुमंताने सासूच्या खाटेवरून घेतली, कारण खाटेवरून ती आपली आपण उठत होती. त्यावर कडप्पा बसवला. ते बरोबर जमलं, आणि त्याची भीड चेपली.

मंगळवारी गेणभाऊ पाइप हातात घेऊन उभा राहिला. "ह्यो किती उंचीवर ठोकू?"

"दिशाला इचारू. रविवारी येईल."

"माल कालवलाय राव. रविवारपत्तर दगड व्हईल त्याचा."

हनुमंताने विचार केला. दाराला भिमाबाईची काठी टेकलेली होती. ती आत डुलकी घेत होती. म्हातारं माणूस काठीवर हात टेकून चालतं. म्हणजे काठीचं वरचं टोक जिथे, तिथे हात. आणि हात जिथे, तिथे पाइप. हिशेबात कुठेच खोट दिसेना. त्याने सुतळीने काठी मापली, गाठ मारली आणि सुतळी गेणभाऊला दिली.

गेणभाऊने सुतळी भिंतीला लावली. गाठ त्याच्या कानाजवळ आली. "म्हातारी एवढी उंच हाय?"

"तिच्याच काठीचं माप हाय."

"मंग बरोबर असंल," गेणभाऊ म्हणाला आणि छिन्नी लावली.

चूक कुठे झाली ते गावातल्या शेंबड्या पोरालाही सांगता आलं असतं. ती काठी म्हातारपणाची नव्हतीच. ती मेंढरामागची, खांद्याइतकी उंच. उन्हात उभं राहून तिच्यावर हनुवटी टेकायची असते. काठी जानकूची होती आणि भिमाबाई ती मधोमध धरून चालायची. रोज, हनुमंताच्या डोळ्यांदेखत. पण सासू चालली की हनुमंत मान खाली घालायचा. बारा वर्षांत त्याने तिची पावलं पुष्कळ बघितली होती. हात कधी बघितला नव्हता.

गुरुवारी सिमेंट वाळलं. हनुमंताने बंबात पाणी तापवलं, बादली आत नेऊन ठेवली आणि "भुरे, न्हाणी तयार हाय" असं सांगून शेताकडे गेला. भिमाबाई एकटी उतारावरून आत गेली. शेताच्या बांधावर हनुमंत कान देऊन उभा होता. पाण्याचा आवाज आला नाही. थोड्या वेळाने ती कोरडीच बाहेर आली.

तो घरी परतला तेव्हा नव्या न्हाणीत पाइपावर लुगडं वाळत घातलेलं होतं.

"भुरे," दाराआडून आवाज आला, "सोय लई झकास झालीया. आता दोरी बांधायचं कारण न्हाई. फकस्त मला त्याला धरायचं तर वरून कुणीतरी उचलाय पाहिजे."

गेणभाऊ हत्यारं गोळा करायला आला होता. तो पायरीवर बसून इतका हसला की त्याला ठसका लागला. हनुमंत हसला नाही. त्याने ओट्यावर बसून हात वर केला. त्याची स्वतःची बोटंच जेमतेम पोचत होती.

"पाइप खाली घे," तो म्हणाला.

"घेतो की. किती खाली?"

"रविवारी दिशा येईल तवा सांगतो."

"रविवारी दसरा. सोमवारी जीप. आणि मी उद्यापास्नं ओतूरच्या कामावर. काय ते आज सांग, न्हाईतर म्हातारी लुगडं काढून घेऊन मंचरला जाईल."

हनुमंत भुरीजवळ गेला. घसा साफ केला. "भुरे, पाइप चुकला. बसल्यावर हात कुठवर जातो तेवढं कळलं पाहिजे."

दाराआडून लगेच उत्तर आलं, "भुरे, इथवर."

हनुमंत थांबला. भुरीने कान हलवला. गेणभाऊ छिन्नी घेऊन वाट बघत होता.

"भुरे, इथवर म्हंजे कुठवर?"

"ह्यो काय, इथवर. दिसत न्हाई व्हय?"

"दिसत न्हाई ना," हनुमंत म्हणाला, भुरीलाच.

"अरे ए," गेणभाऊ म्हणाला, "पीठ, मीठ, भाकर ती मेंढी पोचवंल. 'इथवर' कसं पोचवायचं तिनं? त्ये बघावं लागतंय."

हनुमंत अंगणात उभा राहिला. टोपी काढली, परत घातली. त्याला वाटलं, चिमा असती तर एवढ्यात आत जाऊन, आईचा हात धरून, भिंतीवर खूण करून मोकळी झाली असती आणि वर दोघांना चार शब्द सुनावले असते. तो दारापर्यंत गेला आणि बारा वर्षांत पहिल्यांदा त्याने सासूला हाक मारली.

"मामी."

आतला भांड्याचा आवाज थांबला.

"मामी, पाइप खाली घ्यायचाय. माप घेताना माजी चूक झाली. तुमचा हात बघितल्याबिगर त्यो बसायचा न्हाई. तेवढा दाखवा."

गेणभाऊने छिन्नी खाली ठेवली. मग भिमाबाई बाहेर आली. पदर कपाळावर पार भुवयांपर्यंत ओढलेला, काठी मधोमध धरलेली. कुणाकडे न बघता ती उतारावरून न्हाणीत गेली, लुगडं पाइपावरून ओढून काढलं आणि ओट्यावर बसली. डावा हात भिंतीवर ठेवला.

"लाव खूण," ती गेणभाऊला म्हणाली.

गेणभाऊने हनुमंताकडे बघितलं. "तू बघ. माप तुजं चुकलं व्हतं." हनुमंत दारात उभा होता आणि आपल्या अंगठ्याकडे बघत होता. "खाली बघून पुन्यांदा काठीच मापणार हायेस का?"

हनुमंताने मान वर केली आणि सासूचा हात बघितला. सुरकुतलेला, काळवंडलेला, कोपरात थोडा वाकलेला. करंगळी बाहेरच्या बाजूला वळलेली. चिमाची तशीच होती. त्याने पेन्सिल घेतली आणि हाताच्या खाली, हाताला न लावता, हिरव्या टाइलवर रेघ मारली.

"जावई," भिमाबाई म्हणाली. भिंतीकडे बघून म्हणाली, पण त्याला म्हणाली. "ही काठी ह्यांची. ह्यांचं डोकं आढ्याला लागायचं. तुमी माज्या हाताचं माप ह्यांच्या हनुवटीवरनं घेतलंत."

"कळलं आता."

"आणि ही बादली खाली नगं. वाकवत न्हाई मला. इथं, मांडीच्या उंचीला ठेवाय कट्टा पाहिजे."

"करतो," गेणभाऊ म्हणाला.

"साबण हिकडं, उजव्या अंगाला. दाराजवळबी एक पाइप पाहिजे, उतरताना धराय. आणि ती फुलं कुणी लावली भिंतीवर?"

"मी," गेणभाऊ जरा घाबरून म्हणाला.

"एक उलटं लागलंय."

खरंच एक उलटं लागलं होतं. गेणभाऊ थापी खाली ठेवून ते बघायला गेला. बारा वर्षांचं तुंबलेलं मोकळं झालं होतं. दिवस कलेपर्यंत भिमाबाई ओट्यावर बसून सांगत होती आणि दोन बापे ते करत होते. पदर मात्र भुवईवरून तसूभर सरकला नाही. वरच्या पाइपाची भोकं गेणभाऊने पांढऱ्या सिमेंटने बुजवली. ती तशी दिसतातच.

दसरा झाला. दिशा आली, सोनं वाटलं, न्हाणी बघून गेली. आजी राहणार का जाणार, ते तिने विचारलं नाही, आणि कुणी सांगितलं नाही. गाठोडं खाटेखाली होतंच.

सोमवारी नऊ वाजता भागूची जीप आली. हनुमंताने त्याला पडवीत बसवलं आणि चहा ठेवला.

"आत्या कुठाय?"

"न्हातीय."

"संगं कोण हाय?"

"कुणी न्हाई."

भागू अर्धवट उठला. "एकली? पडली-बिडली म्हंजे?"

"बस. ऐक जरा."

न्हाणीतून तांब्याचा आवाज येत होता. पाणी पडत होतं, थांबत होतं, परत पडत होतं. मधेच भिमाबाई साबणाला काहीतरी रागावून बोलली. परत पाणी. भागूचा चहा संपला. हनुमंताने दुसरा टाकला. तोही संपला. तीन महिन्यांची राहिलेली अंघोळ भिमाबाई एका सकाळी करत होती. हनुमंत चुलीपाशी बसून ऐकत होता. त्याला भागूकडे बघवेना, म्हणून तो उगाच जाळ सारत राहिला.

शेवटी दार वाजलं. ओले केस पदराखाली घेऊन, दाराजवळचा पाइप धरून भिमाबाई उतार उतरली.

"आलास व्हय?" ती भागूला म्हणाली. "चहा घेतला का?"

"दोनदा घेतला. आत्या, सामान भरलं का?"

"भरलं व्हतं. सकाळी सोडलं."

"म्हंजे?"

"म्हंजे ऱ्हाते मी हितं."

भागूला राग आला नाही, पण वाईट वाटलं. "माज्या घरी दोन सुना हायेत, आत्या. हाताखाली. हितं कोण हाय?"

"सुना हायेत. पाइप हाय का?"

भागूने मग न्हाणी आतून बघितली. ओट्यावर बसला, पाइप ओढून बघितला, पार्किंगच्या फरशीवर पाय घासला. त्याच्या बापाचेही गुडघे गेले होते. "माप देता का ह्याचं?" त्याने हनुमंताला विचारलं.

"माप तुझ्या बापाचं घे," हनुमंत म्हणाला. "हात बघून घे."

जीप रिकामी गेली. संध्याकाळी हनुमंत शेतातून आला तेव्हा भिमाबाई चुलीपुढे बसली होती. भुरी अंगणात होती, पण तिला कुणी काही सांगितलं नाही.

"जावई," ती भाकरी थापता थापता म्हणाली.

"काय, मामी?"

"समदं पोचतंय. डोकं पोचतंय, पाय पोचत्यात, बादली हाताशी हाय. गेणाला सांगा, काम चांगलं केलं."

"सांगतो."

तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी लावलं. "पाठ तेवढी ऱ्हाती. ती चिमा घासायची."

"हां," हनुमंत म्हणाला.

भाकरी फुगली, तिने ती काढून त्याच्या ताटात टाकली आणि दुसरी थापायला घेतली.

हनुमंताने दुसऱ्या दिवशी ही अडचण गेणभाऊच्या कानावर घातली. गेणभाऊने भिंतीत खरबरीत दगड बसवायचं सुचवलं, मग स्वतःच ओट्यावर बसून पाठ घासल्यासारखी करून बघितली आणि नको म्हणाला. रविवारी दिशा येते तेव्हा होतं. बाकी सहा दिवस भिमाबाईची पाठ राहते. तिचं अजून काही झालेलं नाही.